मधल्या खोलीतला उजेड

तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. बसवूही नका. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी घरी येऊन तोंडावर पाणी मारल्यावर माझाच माझ्यावर बसेना. बटण बंद, दार बंद, खोलीत चिटपाखरू नाही, आणि आत दिवा जळतोय!

ही सुरुवात मी केली ती विजेच्या सामानाच्या दुकानात, दुपारी चारच्या सुमाराला. त्या दुकानातलं भिंतीकडचं बाकडं माझं आहे. चाळीस वर्षं वायरमन म्हणून शिड्या चढलो, गुडघ्यांनी राजीनामा दिला, आता तिथे बसून गिऱ्हाइकांना फुकट सल्ला देतो. दुकानदार म्हणतो, "मिस्त्री, तुमच्या सल्ल्यामुळे माझं निम्मं गिऱ्हाईक परत जातं." मी म्हणतो, "उरलेलं निम्मं माझ्यामुळेच येतं." बसतो मात्र काउंटरकडे पाठ करून. काउंटरमागे त्याने नव्या दिव्यांची अख्खी भिंत पेटवून ठेवली आहे, आणि त्या भिंतीकडे बघितलं की मला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटू लागतं.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळजी. त्याच्या घरची ट्यूब गेली होती. टोकं काळी पडलेली ती ट्यूब काखेत धरून तो उभा, आणि प्रश्न एकच: परत हीच घ्यावी की एलईडी लावावी? दुकानदार तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बस इथे. माझ्या ताईच्या घरी काय झालं ते आधी ऐक, मग ठरव."

"लांबण आहे का?" घड्याळजी म्हणाला.

"तुझी घड्याळं दिवसाला जेवढी मागे पडतात, तेवढीच."

तो हसला आणि बसला. ट्यूब त्याने दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली, राखणदाराने काठी धरावी तशी.

आता, मी कोण ते आधी त्याला सांगणं भाग होतं, कारण नवे लोक विसरतात. या भागातल्या निम्म्या घरांत बटण दाबलं की जो उजेड पडतो, तो माझ्या हातचा. मी कधी सही केली नाही. बोर्डाचं काम संपलं की लाकडी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक मासा काढायचा आणि खाली साल लिहायचं, ही माझी पद्धत. मासाच का, तर दुसरं काही काढता येत नाही. पण एकदा मासा काढला की ते काम सरळ. मासा असलेल्या बोर्डातून आजवर कुणाला मुंगीच्या चाव्याइतकाही झटका बसलेला नाही. एका घरी तर वीज गेली तरी माझ्या बोर्डावरचा पंखा निव्वळ लाजेखातर पाच मिनिटं फिरत राहिला होता.

"असू दे," दुकानदार म्हणाला. "ताईंच्या घरी या."

येतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शिवणकाम करते, आणि शिवते ते फक्त कोट. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये एक खोली, जिला खिडकीच नाही. भर दुपारीही त्या मधल्या खोलीत शिरायचं तर दिवा लावूनच. तिथे कापडांचे गठ्ठे, दोऱ्यांची रिळं, आणि खिळ्यांवर टांगलेले कागद. कागद म्हणजे कापायचे नमुने: बाही, पाठ, खिसा, आणि ताईची ती कॉलर. त्या कॉलरीसाठी लोक तीन-तीन गावं ओलांडून येतात. तो कागद ताईने कुणाला दाखवला नाही. नवऱ्यालाही नाही. तो बिचारा जन्मभर कोटवालीचा नवरा म्हणून वावरला आणि गेला तो स्वेटरवरच.

त्या मधल्या खोलीत सव्वीस वर्षं एकच ट्यूब होती.

"एकच?" घड्याळजी म्हणाला. "सव्वीस वर्षं?"

"अठ्ठावीस म्हणणार होतो. तुझ्याकडे बघून दोन कमी केली."

ट्यूब पण कशी! खानदानी. बटण दाबल्याबरोबर धावत यायची नाही. आधी एक टोक लाल करायची, मग दुसरं, मग तीनदा डोळे मिचकावायची, मग विचार करायची, आणि मग लागायची. तेवढ्या वेळात ताई बटण दाबून मागे जाऊन पाणी पिऊन यायची. वरचा चोक असा एका सुरात गुणगुणायचा, की शेजारच्या गाण्याच्या बाई भिंतीला कान लावून आपला सूर पक्का करायच्या. आणि मुख्य म्हणजे ती ट्यूब पोटात ठेवणारी होती. तिच्या उजेडात गडद निळा दोरा आणि काळा दोरा सख्खी भावंडं. डाग दिसायचे नाहीत, धूळ दिसायची नाही. सगळ्यांना सांभाळून घेणारा उजेड.

"तेच तर," दुकानदार म्हणाला. "सांभाळून घेता घेता काळ्या कोटाला निळी काजं झाली होती ना?"

याला सगळं ठाऊक असतं. झालं होतं तसं. एका गिऱ्हाइकाचा काळा कोट, डावीकडची काजं काळ्या दोऱ्याची, उजवीकडची निळ्या. गिऱ्हाईक कोट घालून उन्हात उभं राहिलं आणि ताईचं तोंड त्या काजांसारखं झालं, अर्धं काळं, अर्धं निळं.

इथे सूनबाई येते. म्हणजे ताईची सून. भाचा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात दोघीच. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. मुलगी शांत आहे, पण तिची नजर अशी, की आपण बोलत असताना ती आपल्या डोळ्यांत जे बघते ते आपल्याला आरशातही दिसत नाही. मला पहिल्या दिवसापासून ती नजर आवडली नाही. तर ती ताईला म्हणाली, "आई, तुमचे डोळे चांगले आहेत. खोटा आहे तो उजेड. आपण एलईडी लावू या." ताईला यातलं फक्त 'डोळे' ऐकू आलं.

आणि दुसऱ्या दिवशी सूनबाईने एलईडी आणली, स्टुलावर चढली आणि स्वतःच बसवली. मला न विचारता! घरात सख्खा मामा वायरमन असताना!

"काय जळलं म्हणायचं, ट्यूब की तुम्ही?" घड्याळजी म्हणाला. दुकानदार खो खो हसला. मी दुर्लक्ष केलं.

मी एलईडी बघायला गेलो. ताईने बटणाकडे बोट नेलं, आणि बोट पोहोचायच्या आत उजेड हजर! इतका झटपट, की ताईची सावलीच मागे राहिली. सरळ दोन सेकंद माझी बहीण बिनसावलीची उभी होती. मग सावली आली धापा टाकत आणि भिंतीला चिकटली. खरं सांगतो. त्या उजेडात सव्वीस वर्षांची धूळ दिसली, रिळांत निळं वेगळं झालं, काळं वेगळं झालं, आणि एक तपकिरी निघालं ज्याला आजवर सगळे काळंच समजत होते. ताई ते रीळ हातात धरून अशी बघत होती, जणू घरातला माणूस परका निघाला.

मला तेव्हाच संशय आला. जो दिवा गुणगुणत नाही, लुकलुकत नाही, तापत नाही, किड्यांना बोलवत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं.

"मिस्त्री, वीज बघा ना किती कमी खाते ती," दुकानदार म्हणाला. "ट्यूबच्या निम्मी."

"कमी खाणाऱ्यावरच तर डोळा ठेवायचा असतो. बाहेर कुठेतरी जेवून येत असणार."

एवढ्यात माझ्या मागे चपला वाजल्या. कुणीतरी गिऱ्हाईक आलं. कापडी पिशवी काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला, आत काहीतरी टणक असावं. मी वळलो नाही, गोष्ट रंगात आली होती. दुकानदार त्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "दोन मिनिटं थांबता का? मिस्त्रींचं चाललंय." आणि मग एकदम गोड आवाजात मला म्हणाला, "हं, बोला मिस्त्री, मग काय झालं?" दुकानदार चाळीस वर्षांत माझ्याशी गोड बोललेला नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

तर झालं असं. एलईडी लावून तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी दुपारी ताई स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. मधल्या खोलीचं दार ओढलेलं, आणि दाराखालच्या फटीतून उजेड! अगदी मंद, निळसर, माशाच्या पोटासारखा. ताईने झटकन दार उघडलं. आत कुणी नाही. बटण बघितलं, बंद. दार ओढलं, फटीत पुन्हा उजेड. संध्याकाळी तेच. दुसऱ्या सकाळी तेच.

ताईने कुणाला काही विचारलं नाही. ती बसून विचार करत राहिली, आणि माझी बहीण बसून विचार करायला लागली की ते शेजाऱ्यांनीही सावध व्हायचं लक्षण असतं. तिचा हिशोब सरळ: दिवा आपोआप लागत नाही. म्हणजे कुणीतरी लावतं. घरात आपण दोघी. आपण लावत नाही. म्हणजे सूनबाई चोरून मधल्या खोलीत जाते, आणि आपल्या पावलांची चाहूल लागली की बटण बंद करते, दिवा पुरता विझायच्या आत सटकते. का जाते? कागदांसाठी. कॉलरीचा नमुना उतरवून घ्यायला. चष्म्याच्या दुकानाला लागूनच एक शिंपी आहे, हे ताईला त्याच दिवशी आठवलं. गेली बारा वर्षं तो तिथेच होता.

ताईने सूनबाईला विचारलं, "मधल्या खोलीत जातेस तू?"

"नाही, आई."

"मग दिवा कोण लावतं?"

"मी नाही लावत."

ताई म्हणाली, "बरं. घराची किल्ली ठेव टेबलावर."

घड्याळजीने ट्यूब बाजूला भिंतीला टेकवली. "किल्ली काढून घेतली?"

"घेतली."

"मग ती पोरगी घरात कशी येते?"

"येते की. कामावरून सहाला येते, बेल वाजवते, ताई मशीनवर असेल तर पायरीवर बसते. ताईची शिवण पुरी झाली की ताई दार उघडते. एखाद्या दिवशी शिवण लांब असते, एवढंच."

मागे गिऱ्हाईक जरा हललं. पिशवीची सळसळ झाली फक्त.

तर ताईने मला बोलावलं. म्हणाली, "तू विजेतला. तू सांग. हिच्याखेरीज दुसरं कोण असू शकतं का?" मी मधल्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं, बटण बंद केलं आणि अंधारात उभा राहिलो. आणि खरंच, एलईडी जळत होती. विझलेली असून जळत होती. झोपल्याचं सोंग घेतलेल्या माणसाच्या पापणीखाली बुबुळ हलावं, तशी. एका क्षणात मी सगळं ओळखलं.

"काय ओळखलंत?" दुकानदार म्हणाला. तोच गोड आवाज.

"हेच. की ही साधी एलईडी नाही."

मी तपास सुरू केला. पद्धतशीर. पहिल्या दिवशी दाराच्या कडीला शिवणाचा दोरा बांधला, निळा की काळा ते ताईलाच विचारून. मधल्या खोलीच्या जमिनीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. एका चाळणीने, पातळ, सारखी. म्हटलं, जो कुणी जातो त्याची पावलं उमटतील. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं, तर दोरा तुटलेला आणि पावलंच पावलं! आत गेलेली, बाहेर आलेली, पुन्हा आत गेलेली. मी चष्मा लावून वाकलो. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. सगळ्या खानदानात तशी करंगळी एकाच बाईची.

"ताई," मी म्हटलं, "ही तुझी पावलं."

"मी बघायला गेले होते."

"काय?"

"पावडर नीट पडलीय का ते."

घड्याळजी हसून हसून बाकड्यावरून घसरला. "मग तिथेच सुटायला हवी होती ना सून!"

तुला ताई ठाऊक नाही. ताई म्हणाली, "बघ, किती हुशार आहे! एकही पाऊल उमटू दिलं नाही."

तिसऱ्या दिवशी सूनबाई स्वतःच पुढे आली. म्हणाली, "मामा, दिव्यातच काहीतरी आहे. मी काढून बघते." बटण बंद केलं, मला दाखवलं, ताईला दाखवलं. स्टुलावर चढली, एलईडी खाली उतरवली, आणि जिथे टोक बसतं तिथे फडकं फिरवायला गेली. किंचाळून स्टुलावरून खालीच! कापडाच्या गठ्ठ्यावर पडली म्हणून बरं. बटण बंद असताना झटका!

"मग?" दुकानदार एकदम साध्या आवाजात म्हणाला. आता गोडपणा नव्हता.

"मग काय. मी म्हटलं, सूनबाईच्या अंगातच वीज फार आहे, पायात चप्पल घालत जा. असतात अशी माणसं. मी एक बाई पाहिली आहे, ती फणी फिरवायची आणि शेजारच्या घरातला रेडिओ लागायचा."

"आणि ताई काय म्हणाल्या?"

"ताई तिच्याकडे नुसती बघत राहिली. जणू दिव्यानेच साक्ष दिली."

पण मी खरं कारण शोधून काढलंच. आता हे नीट ऐका, कारण हेच तुम्हाला पटणार नाही. सव्वीस वर्षं त्या खोलीत ट्यूब जळली. खिडकी नाही, उजेड जाणार कुठे? तो मुरला. चुन्यात मुरला, गठ्ठ्यांत मुरला, कागदांत मुरला. लोणचं... असो. आणि ही नवी एलईडी, कमी खाणारी, अर्धपोटी, दिवसभर जळते आणि बटण बंद झालं की भिंतीतला तो मुरलेला उजेड गुपचूप ओढून पिते! तोच तो मंद उजेड. मी सिद्ध करून दाखवलं. काळ्या कापडाचा एक जुना गठ्ठा ओढला, घडी उलगडली, तर आत घडीत उजेड दुमडून बसलेला! मी कापड झटकलं, तसा तो जमिनीवर सांडला आणि पावडरीवरून वाहत दाराखालून बाहेर गेला. ताईने पाय वर घेतले.

"पाय वर घेतले," घड्याळजी म्हणाला.

"ओले होतील म्हणून."

उपाय एकच होता. मी एलईडी काढली आणि माळ्यावरची जुनी ट्यूब परत चढवली. चोक तोच, स्टार्टर तोच. बटण दाबलं, तिने तीन वेळा डोळे मिचकावले, मला ओळखलं आणि लागली. बटण बंद केलं, दार ओढलं. फटीत अंधार. स्वच्छ, प्रामाणिक अंधार! भिंतीचा उजेड भिंतीत, ट्यूबचा ट्यूबमध्ये. तेव्हापासून आजपर्यंत त्या दाराखालून उजेडाचा कणही आलेला नाही. म्हणून सांगतो घड्याळजी, ट्यूब घे. एलईडी चुगलखोर आहे. आपल्याला न विचारता घरातलं सगळं उघडं पाडते.

मी पाणी प्यायलो. मला वाटलं, गोष्ट संपली. पण घड्याळजीचं तोंड हसरं नव्हतं.

"आणि किल्ली?" तो म्हणाला. "आता सुनेचा दोष नव्हता हे कळलं ना? दिली का परत?"

"ती दोघींमधली बाब. मी दिव्यातला माणूस."

"पण नाही दिली?"

"नाही दिली. ताई म्हणते, ट्यूब आली आणि उजेड थांबला, कारण ही सावध झाली. भिंतीत मुरलेला उजेड वगैरे ताईला... म्हणजे तिने ऐकून घेतलं."

"म्हणजे ती अजून पायरीवर बसते."

पाऊस नसतो सध्या, असं काहीतरी म्हणालो असेन.

तेव्हा दुकानदार काउंटरवरून पुढे वाकला. त्याचा आवाज माझ्या डोक्यावरून आला. "मिस्त्री, एक विचारू का? धंद्यातलं?"

"विचार."

"घड्याळजी, तुम्हीही ऐका. दिव्याला दोन तारा जातात. एक वीज घेऊन येते, ती फेज. दुसरीने वीज परत जाते, ती न्यूट्रल. बटण नेहमी फेजवर बसवायचं, म्हणजे बंद केलं की वीज बटणापाशीच अडते. पण कुणी चुकून बटण न्यूट्रलवर बसवलं, तर बटण बंद करून दिवा विझतो खरा, पण वीज दिव्याच्या दारात उभीच असते. ट्यूब दांडगी, तिला त्या थेंबभर विजेने जाग येत नाही. एलईडीला नुसता वास पुरतो. ती मंद जळत राहते. आणि बटण बंद आहे म्हणून कुणी तिथे बोट घातलं, तर बसतो झटका. बरोबर ना, मिस्त्री?"

मागच्या भिंतीवरच्या त्या शंभर एलईडी, एकही गुणगुणत नव्हती. चोक असता तर तेवढीच सोबत झाली असती.

"असेलही," मी म्हटलं.

"असेलही?"

"म्हणजे असू शकतं. तसं झालंही असेल. पण ते काम माझं नव्हे!" मी जरा मोठ्यानेच म्हणालो. "ताईचं बाकी घर माझं. मधली खोली नाही. त्या वेळी मी दुसऱ्या कामावर होतो. कुणीतरी कच्चा कारागीर आला होता. माझं असतं तर झाकणात मासा असता."

"कोण होता हो तो?" दुकानदार म्हणाला.

"असाच कुणीतरी. नाव आठवत नाही. असतात असे. जेवायची वेळ झालेली, ताईने दोनदा हाक मारलेली, पान वाढलेलं. फेजच्या लाल तारेचं बंडल संपलं. आता एवढ्याशा वीतभर तारेसाठी कोण दुकानापर्यंत जाणार? म्हटलं असेल त्याने, काळीच टाकू दोन्हीकडे, लक्षात राहील आपल्या कुठली कुठली. मग जेवण झालं, जरा पाठ टेकली, उठल्यावर दोन्ही काळ्या तारा सारख्याच दिसायला लागल्या. टेस्टर शिडीखाली पडलेला, खाली कोण वाकणार? लावली अंदाजाने. दिवा लागला, विझला, झालं. कुणाला काय कळतंय, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. सव्वीस वर्षं कुणाला कळलंही नाही."

"जेवायला काय होतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"वांग्याची..." मी म्हणालो आणि थांबलो.

तो आवाज गिऱ्हाइकाचा होता. शांत आवाज. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या माणसाचा.

मी वळलो. काउंटरशी सूनबाई उभी होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. पिशवीतून तिने मधल्या खोलीतल्या बोर्डाचं लाकडी झाकण काढलं आणि काउंटरवर ठेवलं, पालथं. त्या शंभर एलईडींच्या उजेडात प्रत्येक रेघ दिसत होती. पेन्सिलीचा मासा. एकच डोळा, शेपूट जरा वाकडी, कारण जेवणानंतर हात जड होतो. आणि खाली साल.

घड्याळजीने वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत माशाकडे.

"खोटं बोलताय तुम्ही, मामा," सूनबाई म्हणाली, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी. "तो कच्चा कारागीर तुम्हीच. आई बाहेर दुकानाच्या पायरीवर बसल्या आहेत. बसा म्हटलं, मामांची गोष्ट संपेपर्यंत दार उघडणार नाही. आता चला, आणि माझी किल्ली त्यांच्याकडून मागून द्या."